उघाडीचं शून्य

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले ते १९९८ साली. त्याआधी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पुण्यात दोन वर्षं एका कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम केलं होतं. इथे एका संगणकाच्या क्लासात शिकवायला लागले. मी काय करते हे नातेवाइकांना सांगितलं की ते म्हणायचे, "म्हणजे टायपिंग." सुरुवातीला मी समजावून सांगायची, मग सोडून दिलं.

त्यामुळे शहरातल्याच मांडवी भागातून एका निवृत्त इंजिनिअरांचा क्लासात फोन आला आणि "आकडे टाईप करायला कोणी मिळेल का" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गेले. दुपारी वेळ मोकळा होता, आणि घरी बसून करायचं तरी काय?

सरांनी उभा जन्म बंदरांच्या आणि खाड्यांच्या कामात काढला होता. निवृत्त झाल्यावर माडीवरच्या एका खोलीत संगणक, नकाशांच्या गुंडाळ्या आणि भरती-ओहोटीची कोष्टकं घेऊन बसलेले असत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. काळा चष्मा लावूनच ते माझ्याशी बोलले.

"तुम्हाला स्पेस मोजता येतात का?"

"येतात."

"नीट मोजता येतात का?"

मी हसले. ते हसले नाहीत.

काम असं होतं. खाडीकाठच्या गावांत बांध घालून समुद्राचं पाणी अडवतात आणि आतल्या खाजणात, म्हणजे खाऱ्या पाणथळ जमिनीत, भात लावतात. पावसाचं साठलेलं पाणी बाहेर जायला बांधात दारं ठेवतात, त्यांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. उघाडीला समुद्राच्या बाजूने एक झडप टांगलेली असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती बंद होते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. सरांनी या सगळ्याचा एक प्रोग्राम लिहिला होता, फोरट्रान भाषेत, वीस वर्षांपूर्वी. बांधाची उंची, शेताचं क्षेत्र, उघाड्या किती, पाऊस किती, भरती केवढी हे सांगितलं की तो दर पंधरा मिनिटांनी शेतात पाणी कुठवर असेल ते काढून द्यायचा. एका गावाने दोनच्या जागी तीन उघाड्या मागितल्या होत्या. तिसरीची खरंच गरज आहे का, हे सरकारी कार्यालयाने सरांना विचारलं होतं.

प्रोग्राम उत्तम होता, हे मी आजही सांगेन. पण त्याला माहिती द्यायची रीत म्हणजे शिक्षा होती. एका फाईलमध्ये ओळीने आकडे लिहायचे, प्रत्येक आकडा ठरलेल्या घरातच बसला पाहिजे. दशांशचिन्ह लिहायचंच नाही, ते कुठे आहे हे प्रोग्रामला घरावरून कळायचं. सरांना आता ती घरं दिसत नव्हती, म्हणून मी.

तिसऱ्या दिवशी बांधाच्या उंचीचा आकडा मी एक घर डावीकडे टाकला. तीन मीटर वीसचा बांध बत्तीस मीटरचा झाला. प्रोग्रामने चकार शब्द काढला नाही. चार हजार ओळी छापून मोकळा झाला. सर कागद डोळ्यांशी धरून पानं उलटत होते. बाराव्या पानावर थांबले.

"बांध केवढा घातलात?"

मी फाईल बघितली आणि सांगितलं, "बत्तीस मीटर."

"दहा मजली," ते म्हणाले. "या गावाला आता त्सुनामीसुद्धा काही करायची नाही. पुन्हा टाका."

चूक माझी होती, त्याबद्दल वाद नाही. पण घरी जाताना मला राग आला तो स्वतःचा नव्हे. बाराव्या पानावर चूक पकडणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला दिसत नव्हतं. त्यांच्यामागे हा प्रोग्राम कोण चालवणार? पुण्याला मी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही वेबपानं बनवत होतो, रिकाम्या चौकटी असलेली, माहिती भरून बटण दाबायची. तसंच एक पान या प्रोग्रामच्या तोंडाशी बसवलं तर? माणसाने चौकटीत ३.२० लिहावं, घरं मोजायचं काम पानाने करावं, बत्तीस लिहिलं तर तिथल्या तिथे "हे बरोबर आहे का?" म्हणून विचारावं. मला ते करता येणार होतं, आठवड्याचं काम. त्याबद्दल मनात जराही शंका नव्हती.

सरांना होती.

"बटणं दाबून पाणी कळत नाही," ते म्हणाले.

"स्पेस मोजूनही कळत नाही, सर."

"ज्याला घरं मोजायचा कंटाळा आहे, त्याने हा प्रोग्राम चालवूच नये. उद्या कोणीही उठेल, वाटेल ते आकडे भरेल आणि उत्तर घेऊन नाचेल."

"म्हणून तर वाटेल ते आकडे भरू न देणारं पान करायचंय. आणि त्या दिवशी मी बत्तीस मीटर भरले तेव्हा तुमच्या प्रोग्रामने तरी काय केलं?"

खालून काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "करू दे की तिला! तुमच्या डोळ्यांना तेवढाच आराम."

मी तोच होकार समजले.

सरांच्याच संगणकावर मी पान केलं. इंटरनेट लागत नव्हतं. पान, त्याच्यामागचा छोटासा जोडप्रोग्राम आणि सरांचा मूळ प्रोग्राम, तिन्ही एकाच मशीनवर. त्या काळी पानावर मराठी अक्षरं उमटवणं म्हणजे दिव्य होतं. एका मशीनवर दिसली की दुसऱ्यावर त्यांचे चौकोन व्हायचे. म्हणून "बांधाची उंची", "उघाड्यांची संख्या" अशी एकेक पाटी मी चित्र म्हणून काढली आणि चौकटींशेजारी चिकटवली. त्या पाट्यांचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. सरांच्या प्रोग्राममध्ये बांधाच्या उंचीला चार इंग्रजी अक्षरांचं नाव होतं, ते सरांखेरीज कोणाला वाचता आलं नसतं.

पहिली परीक्षा काकूंनी घेतली. त्या खाडीकाठच्याच गावातल्या, माहेरी खाजणाची शेती. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाठीमागे उभी राहिले. एका बोटाने त्यांनी सगळ्या चौकटी भरल्या, बटण दाबलं. पडद्यावर पाण्याच्या पातळीचा आलेख आला, निळी रेघ वरखाली. मी कौतुकाची वाट बघत होते.

"हे झालं पाणी," काकू म्हणाल्या. "भात किती वेळ बुडून राहिलं ते कुठे सांगितलंय?"

"ते रेघेवरून काढता येतं, काकू."

"मी कशाला काढू? यालाच काढू दे की. भात दोन दिवस बुडालं तर उभं राहतं. चार दिवस बुडालं की गेलं. बाकी रेघ घेऊन काय करायचंय?"

त्या संध्याकाळी मी आलेखाच्या वर एक ओळ घातली: "रोपं सलग इतके तास पाण्याखाली." सरांनी ती वाचली, आणि पुढे प्रत्येक वेळी त्यांची नजर आधी त्याच ओळीवर जायची.

चौकटी करताना मला प्रोग्राम ओळीओळीने वाचावा लागला. कुठले आकडे बाहेरून येतात आणि कुठले आतच लिहून ठेवलेत ते बघायला. असे आत लिहिलेले सात-आठ आकडे निघाले. त्यातला एक होता शून्य. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा किती वर गेलं की झडप उघडते, त्याचा आकडा.

"हे शून्य कोणी ठरवलं, सर?"

"कोणी म्हणजे? मीच. आतलं पाणी वर, बाहेरचं खाली, झडप उघडणार. त्यात ठरवायचं काय गो?" एव्हाना ते मला गो म्हणायला लागले होते.

"मग त्याचीही एक चौकट करते. शून्य लिहूनच ठेवते आत."

"कशाला? कोणी बदलणार नाही."

"बदललं नाही तर तुमचं काय जातं? दिसू दे."

यावर आमचं दोन दिवस चाललं. त्यांचं म्हणणं, जितक्या कमी चौकटी तितकं सोपं. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण प्रोग्राम जे गृहीत धरतो ते समोरच्याला दिसलंच पाहिजे, असं माझं मत होतं, आणि मी हटले नाही. शेवटी पानाच्या तळाशी त्या चौकटीला जागा मिळाली. पाटीवर लिहिलं, "झडप उघडायला लागणारा पाण्याचा फरक".

तिसरी उघाडी मागणाऱ्या त्या गावातून चार माणसं आली ती पुढच्या आठवड्यात. तीन पुरुष आणि एक साठीची बाई. पुरुष बोलत होते, ती ओटीवर टेकून बसली होती. बोलता बोलता कळलं की उघाडी सांभाळते ती. घरचे पुरुष मुंबईला, म्हणून सासऱ्यांनंतर ते काम तिच्याकडे आलं होतं. झडपेत अडकलेली फांदी काढायची, गाळ उपसायचा, दोर बदलायचा.

सरांनी तोवर हिशेब करून ठेवला होता: दोन उघाड्या पुरतात. गावकऱ्यांना ते पटत नव्हतं. पूर्वी असतं तर सरांनी चार हजार ओळींचे कागद पुढे टाकले असते आणि विषय संपला असता. पण आता पान होतं, आणि मनातून त्यांनाही ते दाखवायचं होतं.

"वर या सगळे," ते म्हणाले. "स्वतः बघा म्हणजे झालं."

खोलीत दाटी झाली. मी चौकटी भरल्या, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली, पुरुषांनी माना डोलावल्या. बटण दाबलं. रोपं सलग एकतीस तास पाण्याखाली.

"बघा," सर म्हणाले. "दीड दिवससुद्धा नाही."

"आमचं तं पाच-पाच दिस बुडतंय," एक जण म्हणाला.

"पाऊस जास्त पडला असेल त्या वर्षी."

ती बाई पुढे आली. पडद्यावर बोट ठेवून मला विचारलं, "ह्या खालच्या खणात काय लिवलंय गो बाय?"

"झडप उघडायला आतलं पाणी किती वर चढावं लागतं ते, मावशी."

"किती लिवलंय?"

"शून्य."

ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून हसली. "शून्य? म्हंजे पानी आलं आनि झडप आपली उठून उभी राह्यली? अवो साहेब, झडप काय पावन्यांची वाट बगत बसलीय काय? बुडाला गाळ धरतोय, कालवं चिकटतात. वीतभर पानी चडल्याबिगार हलत नाय ती. मी रोज बगतंय."

मी सरांकडे बघायचं टाळलं.

"आनि भांगात तं इचारूच नका," ती पुढे म्हणाली. भांगाच्या भरतीच्या दिवसांत ओहोटीलाही खाडी फारशी खाली जात नाही. "तवा वीतभर फरकच पडत नाय. दोन-दोन दिस झडप मिटलेली."

"वीत म्हणजे किती?" सरांचा आवाज करडा झाला होता. "मोजलंय कधी?"

"मी कशाला मोजू? माजी वीत माज्याकडं हाय." तिने पंजा पसरून दाखवला. "तुमाला मोजायचं आसलं तं या."

ते उठून गेले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी टेबलावरचं भरतीचं कोष्टक ओढलं, नाकाशी धरलं आणि म्हणाले, "परवा ओहोटी साडेदहाला लागते. आम्ही नऊला पोचतो."

काकूंनी डोळ्यांचं कारण काढून अडवून बघितलं. उपयोग झाला नाही. हातखंबा फाट्याहून पुढे जीप, मग अर्धा तास बांधावरून चालणं. सरांच्या काखेत मोजपट्टी मारलेल्या दोन काठ्या, पायांत रबरी बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. मावशी पुढे, सर मध्ये, मी मागे. एका काठीला आतल्या बाजूला मी, दुसरीला बाहेरच्या बाजूला ते स्वतः. चिखलात पाऊलभर रुतून उभे होते. मी म्हटलं, अदलाबदल करू या, तिकडे निसरडं आहे. "तू तुझा आकडा वाच," एवढंच म्हणाले.

खाडी उतरायला लागली. दर पाच मिनिटांनी मी माझा आकडा ओरडून सांगायची, ते त्यांचा. दोन्ही आकडे सारखे झाले. सरांच्या हिशेबाने झडप आता उघडायला हवी होती. नाही उघडली. बाहेरचं पाणी चार सेंटिमीटर खाली गेलं, नऊ, तेरा. झडपेच्या कडेने बारीक धार तेवढी लागली. मावशी बांधावर उकिडवी बसून आमच्याकडे बघत होती. अठराला झडप एकदम कुरकुरली आणि आतलं लाल पाणी भसकन बाहेर पडलं. सरांचे बूट भरले.

"अठरा," ते म्हणाले.

मावशीने पंजा पसरून त्यांच्या काठीला लावून बघितला. अठराच्या खुणेला बरोबर करंगळी आली. दोघंही हसली. सरांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी घरी परतल्यावर त्यांनी पाय धुतले आणि जेवायच्या आधी वर आले. खुर्चीवर मी बसणार होते, तर त्यांनी मला बाजूला केलं. पडद्याला नाक लावून शेवटची चौकट शोधली, शून्य पुसलं आणि ०.१८ लिहिलं. त्या पानावर सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला तो पहिला आकडा. बटणही त्यांनीच दाबलं.

रोपं सलग एकशे चौदा तास पाण्याखाली.

त्यांनी उघाड्यांच्या चौकटीत दोनच्या जागी तीन लिहिलं. त्रेचाळीस तास. मग पुन्हा दोन केलं, पुन्हा तीन. भांगाची भरती घातली, उधाणाची घातली. पंधरा-वीस वेळा तरी चालवून बघितलं असेल. जुन्या पद्धतीने एवढ्याला चार दिवस लागले असते. खालून काकूंनी जेवायला दोनदा हाक मारली.

"वीस वर्षं हे शून्य आत बसून होतं," शेवटी म्हणाले. "किती गावांना मी दोन पुरतात म्हणून सांगितलं असेल गो."

त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी म्हणायचं मनात आलं होतं, पण ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, "जुन्या फायली आहेत ना? काढू या. सगळ्या पुन्हा चालवू."

आणि आम्ही चालवल्या. दोन महिने लागले. अकरा गावांपैकी सात ठिकाणी उत्तर तेच आलं, चार ठिकाणी बदललं. त्या चार गावांची पत्रं सरांनी स्वतः लिहिली, आधीचा आपला हिशेब कुठे चुकला ते स्पष्ट लिहून. मावशीच्या गावाचा अहवाल तर त्यांनी सगळ्यात आधी बदलला. कार्यालयातल्या साहेबांना तो पटेना, तर त्यांना घरी बोलावून पानापुढे बसवलं. "तुमचे आकडे तुम्हीच भरा," म्हणाले. साहेबांनी तासभर भरले. जाताना त्यांनी पानाची एक सीडी मागून घेतली.

तिसरी उघाडी मंजूर होऊन बांधून व्हायला दोन पावसाळे गेले. त्यानंतरच्या भाद्रपदात मी एकटीच एसटीने गावात गेले होते. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात. मावशीने नवी उघाडी दाखवली आणि तक्रारही केली, "आता तीन साफ करायच्या. तुमचं काय जातंय."

क्लास मी त्याच सुमारास सोडला. अशीच कामं हवी होती मला, आणि ती आहेत हे आता माहीत झालं होतं. अवघड प्रोग्राम लिहून ठेवलेला, पण दुसऱ्या कोणाला तो चालवता येत नाही, असं एखादं तरी माणूस प्रत्येक कॉलेजात आणि कार्यालयात असतं. मत्स्यशेतीच्या तळ्यातल्या प्राणवायूचा एक प्रोग्राम मला मिळाला, मग धूप होणाऱ्या किनाऱ्याचा एक. प्रत्येक वेळी तेच: आधी ऐकून घ्यायचं की बटणांनी शास्त्र कळत नाही, मग आत लिहून ठेवलेले आकडे शोधून चौकटीत आणायचे. भांडणंही तीच व्हायची. आता मला त्यांची सवय झाली होती आणि बहुतेक वेळा मीच जिंकायची.

२००५ च्या सुमाराला रत्नागिरीत ब्रॉडबँड आलं, तेव्हा एका सर्व्हरवर भाड्याने जागा घेऊन सरांचं पान इंटरनेटवर टाकलं. मराठी अक्षरं एव्हाना सरळ उमटायला लागली होती, चित्रांच्या पाट्या काढून टाकल्या. कोण बघणार, असं सर म्हणत होते. पहिल्याच महिन्यात गोव्याहून एका शेतकऱ्याचं पत्र आलं: आमच्याकडेही असेच बांध आहेत, फक्त उघाडीला आम्ही मानस म्हणतो, तेवढा शब्द घालाल का? सरांनी तो शब्द मोठ्याने दोनदा म्हणून बघितला. मी घातला.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं आणि सरांना आता स्पष्ट दिसत होतं. जुन्या फाईलकडे ते परत गेले नाहीत. उलट रोज सकाळी पान उघडून त्याच्या खोड्या काढत बसायचे. एकदा सकाळी सातला त्यांचा फोन आला.

"पावसाच्या चौकटीत मी उणे पन्नास भरलं," म्हणाले.

"मग?"

"चाललं! शेत कोरडं ठणठणीत. उणे पाऊस कसा पडेल गो? तू हे अडवायला हवं होतंस."

"अडवते, सर. आज दुपारपर्यंत."

"दुपारी मी पुन्हा भरून बघतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.